चौऱ्याहत्तरीची धाकटी

आमच्यात पेसाहच्या रात्री एक रीत आहे. सगळी ताटावर बसली, की घरातल्या सगळ्यात धाकट्या माणसाने विचारायचं, आजची रात्र बाकीच्या रात्रींसारखी का नाही. मग थोरल्यांनी सांगायचं, की आपले पूर्वज मिसर देशात गुलाम होते, देवाने त्यांना सोडवलं, आणि ते इतक्या घाईने निघाले की कणीक फुगायलाही सवड मिळाली नाही, म्हणून आपण आठ दिवस बिनखमिराची भाकरी खातो. बहुतेक घरांत हा प्रश्न चार-पाच वर्षांचं पोर विचारतं. ते अडखळतं, विसरतं, कुणाच्या तरी मांडीत तोंड लपवतं आणि सगळं घर कौतुकाने हसतं.

आमच्याकडे बरीच वर्षं हे काम माझ्याकडे आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांची. ताटावर दुसरं माणूस एकच, माझी थोरली नणंद, आणि त्या ऐंशी ओलांडलेल्या. तेव्हा धाकटी मीच. मी अडखळले तर कौतुकाने कुणी हसत नाही. "चष्मा पूस आधी," एवढंच ऐकू येतं.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे यहुदी, पण कोकणातले. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्यांची लेकरं, अशी आमची कहाणी. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आडनाव गावावरून, भाषा मराठी, जेवायला भात नि माशाचं कालवण. नाशकाच्या इंदिरानगरात आम्ही राहायला आलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं होतं, "तुम्ही म्हणजे ख्रिश्चनांतले ना?" मी नाही म्हटलं. "मग मुसलमानांतले?" त्यालाही नाही म्हटलं. त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "मग आपल्यातलेच की."

नाशकात आमची घरं कधीच फार नव्हती. देवळालीला लष्करात, इगतपुरीला रेल्वेत, इकडे सरकारी छापखान्यात, अशी नोकरीला म्हणून आलेली माणसं. सण घरातच करायचे. मुलं शिकली, ठाण्या-मुंबईला गेली, तिथून इस्राएलला गेली. जुनी माणसं एकेक करून मातीत गेली. शेवटी आमच्या गोतावळ्यातल्या ताटावर दोघी उरलो. वन्सं देवळाली कॅम्पात एकट्या, मी इंदिरानगरात एकटी.

आणि यंदा वन्संच्या मुलाने तिकडून लकडा लावला होता, आई, आता पुरे, इकडे ये. वन्सं त्याला हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "सण होऊ दे. मग सांगते."

मला त्या जायला नको होत्या. हे मी त्यांना सांगितलं नाही. जिचे टोमणे आपण पन्नास वर्षं व्याजासकट परत केले, तिला एकदम 'राहा ना' कसं म्हणायचं?

आमच्या दोघींची खरी ओळख मनुकांवरून झाली.

मी ठाण्याची. सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, घरापासून हाकेवर, शनिवारी चापूनचोपून साडी नेसून मिरवत जायचं. लग्न ठरलं इगतपुरीच्या रेल्वेतल्या मुलाशी आणि मी असं तोंड करून निघाले, जणू रानातल्या लोकांना धर्म शिकवायला चालले आहे. त्या दिवसांतला माझा एक फोटो आहे. नाक वर, हनुवटी नाकाच्याही वर. आता तो पाहिला की वाटतं, या पोरीला कुणीतरी एक सणसणीत चिमटा काढायला हवा होता. तशी सोय सासरी होतीच.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाला, आणि सणाला आमच्याकडे आशीर्वादाचा पेला भरतात, त्याला द्राक्षाचा रस लागतो. आता कोकणात कुठली द्राक्षं? म्हणून आमच्या शहाण्या पूर्वजांनी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून त्याचं सरबत करायची वहिवाट पाडली. तीच पुढे चालू राहिली. मी सासरी निघाले तेव्हा आईने काळ्या मनुकांचा डबा भरून दिला. "तिकडे आपल्या लोकांचं काही मिळत नसेल," ती म्हणाली. मी तो डबा ट्रंकेतसुद्धा ठेवला नाही. ठाण्यापासून घाट चढेपर्यंत मांडीवर धरून आणला.

इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये सासूबाईंपुढे डबा उघडला. वन्सं माहेरपणाला आल्या होत्या. त्यांनी दोन मनुका तोंडात टाकल्या, नीट चावल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आई, तुझी सून द्राक्षांच्या मुलखात वाळकी द्राक्षं घेऊन आली. समुद्रावर जाताना मीठ नेत असेल."

सासूबाई पदराआड हसल्या. नवरा उघडच हसला.

यावर शहाण्या मुलीने गप्प बसावं. पण मी मॅट्रिकला संस्कृत घेतलेली मुलगी होते. दुसऱ्या वर्षी पेसाहच्या आधी मी मनाशी ठरवलं, की जिथे खरी द्राक्षं पाटीने मिळतात तिथे मनुका भिजवत बसणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. धर्मात द्राक्षारस म्हटलंय, सरबत म्हटलेलं नाही. मी कुणाला न विचारता काळी द्राक्षं आणली, चुरडली, रस गाळला, एका रिकाम्या बाटलीत काठोकाठ भरला, बूच ठोकून बसवलं आणि वरून दोऱ्याने आवळून टाकलं. स्वयंपाकघरात सासूबाईंची नजर पडली असती, म्हणून बाटली कपड्यांच्या कपाटात मागे उभी केली. सणाच्या रात्री ती बाहेर काढायची आणि सगळ्यांना थक्क करायचं, असा बेत होता.

थक्क सगळे झालेच, पण आधी.

पेसाह म्हणजे आमच्याकडे आधी घर धुणं. भिंतींना चुना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई, पिठाचे डबे उलटे करून झटकायचे, कोनाडे खरवडायचे. आंबलेलं किंवा फुगलेलं काही म्हणजे काही घरात राहता कामा नये. जुन्या कोकणी बायका याला अनस ढाकायचा सण म्हणायच्या. अनस म्हणजे आंबट रसाचं मडकं; ते त्या आठ दिवसांत झाकून बाजूला ठेवायचं. तर सासूबाई चिमणी घेऊन एकेक फट तपासत होत्या, आणि त्यांच्या सुनेने भरल्या कपाटात, चैत्राच्या उकाड्यात, आंबायला घातलं होतं.

सण दोन दिवसांवर आला होता. दुपारी आम्ही बायका ओसरीवर भांडी पुसत होतो आणि आतल्या खोलीत धडाम असा आवाज झाला. सासरे बाहेरून धावत आले. त्यांना वाटलं, यार्डात डबे एकमेकांवर आदळले. कपाट उघडलं. नुसतं बूच उडालं नव्हतं, बाटलीच फुटली होती. आणि त्याच कप्प्यात सासऱ्यांचे प्रार्थनेचे पांढरे कपडे घडी करून ठेवलेले. ते आता पांढरे नव्हते.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हनुवटी वर केली आणि म्हणाले, "द्राक्षारस पेसाहला चालतो. पुस्तकात आहे."

सासूबाई म्हणाल्या, "चालत असेल बाई. उडतो हे नव्हतं माहीत."

वन्सं स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग उठल्या, पदर खोचला, माझ्या हातात बादली दिली आणि आम्ही दोघी नळावर बसलो. लिंबू चोळलं, मीठ चोळलं, उन्हात घातलं, परत भिजवलं. जांभळा रंग फिका पडला, गेला नाही. सणाच्या रात्री सासरे त्या सदऱ्यात ताटाच्या मुख्य जागी बसले आणि त्यांनी पोथी उघडली. प्रार्थना चालू असताना वन्सं माझ्या कानात कुजबुजल्या, "नीळ जास्त झाली असं वाटतंय फक्त." मी पदर तोंडात कोंबला. सासऱ्यांनी मान वर न करता पान उलटलं. त्या रात्रीपासून आम्ही दोघी एकमेकींच्या झालो, असं मी म्हटलेलं वन्संना आवडायचं नाही. त्या म्हणतील, तू कपडे धुवायला शिकलीस एवढंच.

पेल्यात अर्थात मनुकांचं सरबत होतं. अजूनही तेच असतं. नाशकात आता वाइनचे कारखाने झाले, मुंबईची माणसं गाड्या करून चाखायला येतात, सेल्फी काढतात. त्यांच्या मधोमध बसून मी काळ्या मनुका भिजवते.

यंदा सणाच्या आधी मी वन्संना माझ्याकडेच घेऊन आले. साफसफाई दोघींनी मिळून केली. म्हणजे मी केली आणि त्यांनी खुर्चीत बसून कुठे राहिलंय ते दाखवलं. भिंतींना चुना लावायचा काळ गेला, कल्हईवाला शोधून सापडत नाही. चिंच लावून भांडी घासली. मग खजूर निवडायला बसलो. खजूर शिजवून, गाळून, आटवून त्याचा घट्ट शिरा करतात. गुलामीत आमच्या लोकांनी विटा थापल्या, त्या चिखलाची ती आठवण. चिखलाची आठवण इतकी गोड का करायची, असं मी लहानपणी विचारलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

खजुराच्या बिया काढता काढता मी आडून सुरुवात केली.

"तिकडे थंडीत गुडघे धरतील हो वन्सं."

"एसी आहे त्याच्याकडे. गरम हवा पण सोडतो म्हणे."

"पोहे मिळायचे नाहीत."

"मिळतात. कोकमं मिळतात. कढीपत्ता त्याच्या गॅलरीत आहे, तुझ्यापेक्षा बरा."

"बोलणार कुणाशी? सगळं हिब्रूतून."

"बिल्डिंगखाली बाकावर आपल्या बायका बसतात. एक पेणची आहे, एक अलिबागची. सून सांगत होती, भांडतात मराठीतच."

माझ्याकडचं सगळं संपत आलं. मी शेवटचं काढलं. "आणि हल्ल्याचा भोंगा वाजला म्हणजे? तळघरात पळायचं?"

वन्संनी पाय पुढे करून दाखवले. सुजलेले, पोटऱ्यांवर निळ्या शिरा. "हे बघ. हे पळणार आहेत का? मी बसून राहीन. वाजून वाजून थकेल तो."

वन्संनी बियांची ताटली माझ्याकडे सरकवली.

"तुझी लेक तिकडेच आहे," त्या म्हणाल्या. "नातवंडं तिकडे. तू का नाही जात?"

"हे इथे आहेत," मी म्हणाले.

ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. घाटमाथ्यावरच्या आमच्या एवढ्याशा कबरस्तानात आहेत. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत माजतं, दगडावरची अक्षरं शेवाळाने भरतात. पाऊस उघडला की मी रिक्षाभर सामान घेऊन जाते आणि घासून येते. वन्संचे ते धाकटे भाऊ. त्या निवडलेला खजूर पुन्हा निवडू लागल्या.

सण पौर्णिमेचा. बहुतेक वर्षी ती चैत्री पौर्णिमाच असते, म्हणजे कॉलनीत हनुमान जयंती. खाली मांडव, स्पीकर, भंडाऱ्याची रांग. वर आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसून. मोठ्या ताटात भाजलेलं नळीचं हाड, उकडलेलं अंडं, कडू पाला, मिठाचं पाणी, खजुराचा शिरा. बिनखमिराच्या भाकऱ्या पांढऱ्या फडक्यात. या रात्री ताठ बसायचं नाही, उशीला टेकून बसायचं, कारण गुलाम ताठ उभे राहतात आणि मोकळी माणसं टेकून बसतात.

वन्संनी पाठीमागे तीन उशा घेतल्या. "मणक्याने मला वर्षभर टेकवून ठेवलंय. माझ्याइतकं मोकळं नाशकात कुणी नसेल."

ह्यांच्या हातची, पानं सुटलेली पोथी मी उघडली. ह्यांना हिब्रू मराठी अक्षरांत लिहून वाचायची सवय होती. समासात शाईने खुणा आहेत, कुठे थांबायचं, कुठे पेला उचलायचा. मी प्रश्न विचारला. इतकी वर्षं विचारतेय, पण यंदा विचारताना मला खरंच उत्तर हवं होतं. मी पोथीतून मान वर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

वन्सं गोष्ट सांगू लागल्या. त्या कधीच वाचत नाहीत, सांगतात. मिसरच्या राजाचा, फारोहाचा हट्टीपणा, त्यापायी देवाने धाडलेली बेडकं, टोळ, काळोख. त्यांचा फारोहा इगतपुरीच्या एका जुन्या स्टेशनमास्तरासारखा बोलतो. मग निघायची रात्र आली. न फुगलेली कणीक खांद्यावर टाकून सगळे निघाले, इथे त्या थांबल्या.

"मला नेहमी वाटतं, त्यांत म्हाताऱ्या असतीलच की," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी विचारलं असेल का, येता का म्हणून?"

"विचारायचं काय? उचलून नेलं असेल."

"एखादी म्हणाली असेल, मी नाही येत. माझी चूल इथे आहे, माझी माणसं इथे पुरली आहेत."

"मग तिचं काय झालं?"

"तिचं पोथीत काही नाही," वन्सं म्हणाल्या, आणि गोष्टीत पुढे, समुद्र दुभंगायला निघून गेल्या.

मी कडू पाला तोंडात घातला. नेहमी नाटकीपणाने तोंड वेडंवाकडं करते. या वेळी करायला लागलं नाही.

जेवण झालं. आमच्याकडे जेवणानंतर एलियाहू हन्नाबीसाठी, म्हणजे एलिया प्रेषितासाठी, एक पेला भरून ठेवतात आणि तो येईल म्हणून दार उघडतात. या नबीवर आमच्या लोकांचा भारी जीव. नवस त्याला, आभार त्याचे, कोकणात तो स्वतः येऊन गेला असं आम्ही मानतो. मी गुडघे सावरत उठले आणि दार उघडलं, तर समोर हातात झाकलेली वाटी घेऊन समोरच्या फ्लॅटमधली. कळवणकडची आहे, मुलं शाळेत, नवरा कंपनीत. माझा हात कडीवर आणि तिचा बेलवर, दोघीही दचकलो.

आतून वन्सं म्हणाल्या, "ये नबी, ये. बस. पण हातातलं बाहेर ठेव."

"काय वं आजी?" ती म्हणाली. "परसाद हाय. शिरा. गरम हाय अजून."

रव्याचा शिरा. भिजलेला गहू आमच्यात आंबलेल्यातच मोजतात. त्या रात्री आमच्या उंबऱ्याच्या आत यायला जगात यापेक्षा वाईट पदार्थ नाही. तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळाला हात लावला. "तुमचा तो सण लागला का? म्हणजे आता आठ दिस माझं काहीच चालत नाय." वाटी घरी ठेवून आली, आत येऊन जमिनीवरच बसली. वन्संनी तिला पेलाभर मनुकांचं सरबत दिलं. ती घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "पुढल्या वर्षी मी आधी विचारूनच येईन. तुमच्या सणाला काय चालतं ते आजींकडून शिकूनच घेते, मीच करून आणीन."

वन्संनी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि पदराने पुसत राहिल्या. कितीतरी वेळ. पुसायला त्यात काही नव्हतं.

"काय झालं आजी?"

"काही नाही. तुझी मुलं झोपायची असतील, जा आता."

ती गेली. मी दार लावलं आणि पुन्हा येऊन बसले. पोथीचं शेवटचं पान राहिलं होतं. त्यावर शेवटी एक वाक्य आहे, जगभरातले यहुदी या रात्री उठायच्या आधी ते म्हणतात. पुढच्या वर्षी यरुशलेमात. पाहुण्याला निघताना 'या हं परत' म्हणावं, तसं आम्ही ते पन्नास वर्षं म्हणत आलो. सासरे म्हणायचे आणि सकाळी ड्यूटीवर जायचे. कुणी कुठे जात नव्हतं.

"म्हण," वन्सं म्हणाल्या.

मी म्हणाले, "पुढच्या वर्षी इंदिरानगरात."

त्या हसतील असं मला वाटलं होतं.

"तसं नाहीये तिथे," त्या म्हणाल्या.

"मला दिसत नाही नीट."

"चष्मा पूस."

मी पुसला. त्याने काही फरक पडला नाही.

"तिकीट काढलंय त्याने," वन्सं म्हणाल्या. "कधीचंच."

"मग 'सण होऊ दे, सांगते' म्हणालात ते?"

"आधी सांगितलं असतं तर तू खजुराच्या शिऱ्यात मीठ घातलं असतंस."

"घातलंच असतं."

खाली भंडारा आटपत होता, भांडी ओढल्याचे आवाज येत होते. मी हाडाचं, अंड्याचं ताट उगाच इकडचं तिकडे केलं. मग म्हणाले, "जाऊ नका, वन्सं."

"आत्ता म्हणतेस."

"आता तिकीट निघालंय ना. आता म्हणायला हरकत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या. गाढव होतं की वेडी होतं, मला ऐकू आलं नाही. मग पोथी माझ्या हातातून घेतली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पोराकडून पाढा म्हणून घेतात तसं ते वाक्य माझ्याकडून म्हणून घेतलं. आधी त्या म्हणाल्या, मग मी. त्यांच्या तोंडी ते पहिल्यांदाच खरं होतं, म्हणून असेल, त्यांचा आवाज अगदी साधा निघाला.

त्या गेल्या त्या सकाळी मी देवळालीला होते. घर रिकामं झालेलं, भांडी वाटून टाकलेली, गाडी फाटकाशी उभी. आमच्यात प्रार्थना संपली की हातबोशी करतात. समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे आणि मग आपली बोटं आपल्या ओठांना लावायची. वन्सं गाडीत बसल्या, काच खाली केली, हात बाहेर काढले. त्यांचे हात थंडगार होते. सोडताना बोटाला त्यांची अंगठी अडकली आणि ड्रायव्हरने विचारलं, "झालं का आजी?"

"झालं," त्या म्हणाल्या. "हिच्याकडे लक्ष ठेवा, हिला कपाटात बाटल्या ठेवायची सवय आहे." ड्रायव्हरला काही कळलं नाही. त्याने मान डोलावली आणि गाडी काढली.

त्या पोचल्या. बाकावर पेणची आणि अलिबागची खरंच आहेत. अलिबागची चहात साखर जास्त घालते, अशी तक्रार पहिल्याच आठवड्यात आली. म्हणजे रुळल्या.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी मी शब्बाथचा दिवा लावते. काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, वात. दिवा लागला की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत काम नाही, विस्तव नाही, फोनला हात लावायचा नाही. आता तिकडचा सूर्य इकडच्यापेक्षा बराच मागे. माझी वात अर्धीअधिक जळून गेलेली असते तेव्हा वन्संच्या खिडकीत अजून उजेड असतो. त्यांचा शब्बाथ लागलेला नसतो. आणि त्या दर शुक्रवारी नेमक्या तेव्हाच फोन करतात, स्वतःचा दिवा लावायच्या आधी. म्हणजे त्यांच्याकडून नियम मोडत नाही. मोडतो तो माझ्या एकटीकडून.

मी उचलते.

"लावलास दिवा?" त्या विचारतात.

"मघाशीच. इथे काळोख पडला वन्सं."

"इथे ऊन आहे अजून," त्या म्हणतात. "बोल तू. काय केलंस आज? माझी संध्याकाळ व्हायची आहे."

मी सांगत बसते. सकाळी कोण आलं, मेथी कशी निघाली, समोरचीच्या धाकट्याला ताप आहे. वातीला तेल कमी पडतं, ज्योत खाली येते, तेल घालायचं नसतं म्हणून मी घालत नाही. त्या ऐकत असतात. मागे कुठेतरी त्यांची सून भांडी लावत असते, बाकावरच्या बायका त्यांना खालून हाका मारत असतात, आणि त्या "आले, आले" म्हणतात पण फोन ठेवत नाहीत.